कडी घातली कुणी?

‘द एअरेस’ या नाटकाचा शेवट एकदा पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही. पळून जाऊन लग्न करायचं ठरलेल्या रात्री पसार झालेला मॉरिस टाउनसेंड दोन वर्षांनी परत आलेला असतो. कॅथरिन स्लोपर त्याच्याशी गोड बोलते, पॅरिसहून त्याच्यासाठीच आणलेली माणकांची बटणं त्याच्या हाती ठेवते आणि सामान घेऊन यायला त्याला पाठवते. तो परत येतो तेव्हा ती मोलकरणीला दाराला कडी घालायला सांगते, दिवा उचलते आणि जिना चढू लागते. बाहेर तो तिच्या नावाने दार बडवत राहतो. पडदा पडतो आणि टाळ्या थांबत नाहीत.

या टाळ्यांबद्दलच मला तक्रार आहे.

रूथ आणि ऑगस्टस गेट्झ या दांपत्याने हे नाटक हेन्री जेम्सच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ या 1880 सालच्या कादंबरीवरून लिहिलं. 29 सप्टेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या बिल्टमोर थिएटरमध्ये जेड हॅरिसच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आलं. वेंडी हिलर कॅथरिन होती आणि बेझिल रॅथबोन तिचा बाप. प्रयोग 400च्या वर गेले. 1949 साली लंडनमध्ये पेगी अ‍ॅशक्रॉफ्टने कॅथरिन केली. त्याच वर्षी विल्यम वायलरने त्यावर चित्रपट काढला आणि ऑलिव्हिया डी हॅविलंडला ऑस्कर मिळालं. 1995च्या पुनरुज्जीवनात चेरी जोन्सला टोनी पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये जेसिका चॅस्टेनने ही भूमिका केली. नाटक टिकलं आहे, हे मान्यच. पण त्यासोबत त्याच्याविषयीचं एक मतही टिकलं आहे. जेम्सने एका दबलेल्या, मुक्या मुलीला भरतकाम करत बसवून सोडून दिलं. गेट्झ दांपत्याने तिला वाचा दिली, तिचा सूड तिला मिळवून दिला, असं ते मत. रंगभूमीला शेवटी काहीतरी घडावं लागतं, त्यामुळे हा बदल अटळ होता, अशी त्याला पुस्तीही जोडली जाते.

या मताचा एकही भाग मला पटत नाही. नाटकाने कॅथरिनला काही दिलं असेल, त्याहून बरंच अधिक तिच्याकडून काढून घेतलं आहे. आपल्या बापासारखं न होणं ही तिची एकमेव कमाई होती, आणि नाटकाने नेमकी तीच खालसा केली.

आधी मुकेपणाचा आरोप तपासू. डॉ. ऑस्टिन स्लोपर हा न्यूयॉर्कचा नामांकित वैद्य. पहिला मुलगा तीन वर्षांचा होऊन गेला, आणि कॅथरिनच्या जन्मानंतर आठवड्याभरात बायको गेली. उभ्या शहराला बरं करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं कुणी वाचवता आलं नाही. उरली ती साधी, बुजरी, हुशारीत बेताची मुलगी. आईकडून तिला वर्षाला 10,000 डॉलरचं उत्पन्न आहे आणि बापामागे याहून मोठा वाटा मिळायचा आहे. देखणा, रिकामा, बोलघेवडा मॉरिस तिच्याभोवती घुटमळू लागतो तेव्हा डॉक्टर एका नजरेत ओळखतो की याला पोरगी नको, पैसा हवा आहे. त्याचं निदान अचूक आहे. 1840च्या दशकातली ही गोष्ट आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने 1848 साली केला. त्याआधी बायकोच्या पैशावर नवऱ्याचाच हात असायचा. म्हणजे डॉक्टरची भीती निव्वळ अहंकारातून आलेली नाही. जेम्सने रचलेला पेच इथेच आहे: बाप बरोबर आहे, आणि तरीही तो मुलीवर अन्याय करतो आहे. बरोबर असणं आणि चांगलं असणं यांतलं अंतर त्याने दोनशे-सव्वादोनशे पानं मोजलं आहे.

हे अंतर जेम्स कसं दाखवतो? कादंबरीतला डॉक्टर मुलीला कधीच तोंडावर ‘तू कुरूप आहेस, मंद आहेस’ असं म्हणत नाही. तो तिची थट्टा करतो, तीही अशी की तिला ती उशिरा कळावी. तिच्या लाल साटिनच्या झग्यावर तो एक सभ्य शेरा मारतो आणि पुढे जातो. कित्येक महिने युरोपात फिरवूनही तिचा निर्धार ढळत नाही, तेव्हा आल्प्सच्या एका ओसाड दरीत संध्याकाळी तो तिला एवढंच सांगतो, की आपण दिसतो तितके चांगले नाही. तो हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. वडील आपल्याला तुच्छ मानतात हे कॅथरिनला कुणी सांगत नाही. ते तिचं तिला उमगतं, आणि तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध हाच आहे. कुटुंबातली सत्ता बहुधा अशीच चालते. ती शिव्या देत नाही, ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणते, आणि ऐकणाऱ्याला आपण नक्की कुठे दुखावलो हेही बोट ठेवून दाखवता येत नाही.

नाटकात काय होतं? डॉक्टर मुलीसमोर उभा राहून तिच्या उणिवांचा पाढा वाचतो. तुझ्यात पैशाशिवाय काही नाही, भरतकाम तेवढं नीटनेटकं करतेस, असं तिला ऐकवतो. हा प्रवेश नटांना आवडतो हे उघड आहे. पण त्यात डॉक्टर खलनायक होतो आणि प्रेक्षकाची सुटका होते. असा बाप आपल्या घरात नाही, असं म्हणून त्याला निवांत घरी जाता येतं. कादंबरीतला डॉक्टर वाचकाला ही सवलत देत नाही, कारण तो ओळखीचा वाटतो.

आता कॅथरिनच्या मौनाकडे वळू. कादंबरीत पळून जायची रात्रच नाही. मॉरिस हळूहळू अंग काढून घेतो, धंद्याचं निमित्त पुढे करतो, भांडण उकरतो आणि शेवटी पत्र पाठवून मोकळा होतो. कॅथरिन आतून कोसळते. पण बापाला ती काही कळू देत नाही. लग्न आपणच मोडलं एवढंच सांगते. खरं काय घडलं, हे नाही. आयुष्यभर माणसांच्या नाड्या बघून निदान करणारा हा वैद्य इथे पहिल्यांदा अडतो. घरातलंच माणूस त्याला वाचता येईनासं होतं. मुलगी खरोखर विसरली, की आपण मरायची वाट बघत दोघं गुपचूप थांबली आहेत, या शंकेने तो पुढची कित्येक वर्षं पोखरला जातो. जिला तो मंद समजत होता, तिने त्याच्या बुद्धीला एकच गोष्ट नाकारली: माहिती. नाटकात हीच कॅथरिन बापाला स्पष्ट सांगून टाकते की मॉरिस मला टाकून गेला. गेट्झ दांपत्याने तिला वाचा दिली ती अशी. तिच्या हातातलं एकमेव शस्त्र काढून घेतलं आणि त्याला संवाद म्हटलं.

याहून मोठी वगळणूक पुढे आहे. कादंबरीत म्हातारा झालेला डॉक्टर एक दिवस कॅथरिनला म्हणतो, माझ्या मागे मॉरिस टाउनसेंडशी लग्न करणार नाहीस, एवढं वचन दे. तोवर मॉरिसला जाऊन किती वर्षं झालेली असतात. त्याच्याशी लग्न करायचं तिच्या मनातही नसतं. होकार दिला असता तर तिचं काहीच गेलं नसतं, उलट बापाची सगळी संपत्ती पदरात पडली असती. आणि ती म्हणते, असं वचन मला देता येणार नाही. कारण विचारलं तर तेही सांगत नाही. आपण हट्टी आहोत हे तिला ठाऊक असतं आणि त्यात तिला एक वेगळाच आनंद मिळतो. डॉक्टर मृत्युपत्र बदलतो. तिच्या वाट्याला थोडासा हिस्सा ठेवतो, बाकीचं रुग्णालयांना आणि वैद्यकशाळांना देऊन टाकतो. ते वाचल्यावर कॅथरिन सांगते की मृत्युपत्र मला आवडलं. फक्त त्यातले शब्द थोडे निराळे असते तर बरं झालं असतं.

हा नकार नीट समजून घ्यायला हवा. तो प्रेमासाठी नाही, पैशासाठी नाही, मॉरिससाठी तर नाहीच. बापाची इच्छा आणि तिची इच्छा या ठिकाणी एकच आहे, तरीही ती त्याच्या इच्छेला आपली सही द्यायला तयार नाही. मी काय करणार ते मी ठरवीन. तुमच्याच मनासारखं केलं तरी तुमच्या हुकमाने करणार नाही. घरातल्या सत्तेला याहून पुरतं उत्तर मला एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत क्वचितच भेटलं आहे. आणि या उत्तराची किंमत रोख मोजलेली आहे. एवढं करूनही बापाच्या शेवटच्या आजारात कॅथरिन त्याच्या उशाशी बसते, शुश्रूषा करते. वचन देत नाही, पण पाठही फिरवत नाही.

नाटकात वचन नाही. तिथे कॅथरिन कागद पुढे करून बापाला आव्हान देते, काढ मला मृत्युपत्रातून. तो काढत नाही. मग तो मरणाला टेकलेला असताना ती त्याच्याकडे जात नाही. तो मरतो आणि सगळी संपत्ती तिची होते. प्रेक्षकाला वाटतं, बंड झालं. पण हिशेब मांडून पाहा. कादंबरीतली कॅथरिन पैसा गमावून माणुसकी राखते. नाटकातली पैसा राखते आणि बापाचा स्वभाव वारशाने घेते. हे माझ्या पदरचं नाही, नाटक स्वतःच तसं सांगतं. मॉरिसला फसवायला निघालेल्या कॅथरिनला तिची पेनिमन आत्या विचारते, इतकी निष्ठुर कशी झालीस? आपल्याला शिकवणारे निष्णात होते, असं तिचं उत्तर. म्हणजे लेखकांनाही ठाऊक आहे की ती शेवटी बापाची शिष्या झाली. नाटकाचे कैवारी मात्र हे वाक्य ऐकून घेतात आणि लगेच तिच्या विजयाचा जयजयकार करतात. मॉरिसला घराबाहेर ठेवायचं, ही डॉक्टर स्लोपरची इच्छा होती. त्याच घरात, त्याच दाराला, त्याच्याच उपहासाची तालीम घेऊन त्याची मुलगी कडी घालायला लावते. मेलेल्या बापाला याहून आज्ञाधारक वारस कुठे मिळणार?

कादंबरीत मॉरिस परततो तो सुमारे दोन दशकांनी. अंगाने सुटलेला, कुठेच जम न बसलेला. मध्ये पडून भेट घडवून आणणारी अर्थात पेनिमन आत्याच. कॅथरिन त्याला बसवते, ऐकून घेते, आणि सभ्यपणे सांगते की आता आपलं नातं पूर्वीसारखं होणार नाही. तुम्ही माझ्याशी फार वाईट वागलात. ती ना खोटी आशा लावते, ना सापळा रचते. ज्याला शिक्षा करायची इच्छाच उरली नाही, तो माणूस तिच्या आयुष्यातून खरोखर गेला आहे. सूड घेणारीला तो अजून हवा असतो, निदान दाराबाहेर तरी.

इथे कैवाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य येतं: वाचायला हे ठीक, पण रंगभूमीवर चालणार नाही. भरतकाम हाती घेऊन बसलेल्या बाईवर पडदा कसा पाडायचा? नाटकाला नाट्य लागतं.

नाटकाला नाट्य लागतं हे खरं. पण 1947 साली रंगभूमीला हा धडा नव्याने शिकायचा नव्हता. 1899 साली मॉस्को आर्ट थिएटरने चेखवचं ‘अंकल वान्या’ केलं. त्याच्या शेवटी दोन हरलेली माणसं हिशेबाच्या वह्या उघडून पुन्हा कामाला बसतात. जगभरच्या रंगभूमीवर तो शेवट आजही प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवतो. कामाला बसणं हे नाट्य होऊ शकतं, आधीच्या प्रवेशांनी त्या बसण्याला वजन दिलं असेल तर. ते वजन कुठून आणायचं? वचनाच्या प्रवेशातून. बाप मागतो, मुलगी नाकारते, कारण सांगत नाही, आणि मृत्युपत्राची किंमत दोघांनाही माहीत आहे: दोन पात्रं, एक दिवाणखाना, एक मागणी, एक नकार. याहून रंगमंचीय प्रसंग कादंबरीतून उचलायला कुणाला हवा होता? गेट्झ दांपत्याला तो तयार मिळाला होता आणि त्यांनी तो टाकून दिला. दोष माध्यमाचा नव्हता, निवडीचा होता.

बदल करूच नये असं मी म्हणत नाही. कादंबरीत डॉक्टर मॉरिसच्या विधवा बहिणीच्या, मिसेस माँटगोमेरीच्या, घरी जातो. नाटकात तिला स्लोपरच्या दिवाणखान्यात बोलावलं आहे, कारण सगळं नाटक तिथेच घडतं. हा बदल कारागिरीचा आहे आणि तो उत्तम आहे. वर्षांचा विस्तार आवळणं, पात्रं कमी करणं, निवेदकाचा तिरकस सूर संवादांत वाटून देणं, हा सगळा रूपांतरकाराचा हक्क आहे. पण पात्राच्या शेवटच्या कृतीचा अर्थ उलटा करणं हे रूपांतर नव्हे. तिथे नवं नाटक सुरू होतं, आणि ते स्वतःच्या हिमतीवर उभं राहायला हवं. जेम्सच्या कॅथरिनला दुबळी ठरवून त्याचं समर्थन करता येणार नाही.

‘रंगभूमीची गरज’ हा शब्दप्रयोग मुळातच संशयास्पद आहे. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ डिसेंबर 1879 मध्ये कोपनहेगनला रंगमंचावर आलं. मराठीत अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ म्हणून ते आणलं. नोरा घराबाहेर पडते आणि दार बंद होतं, हा त्याचा शेवट. पण 1880 साली, ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ छापलं जात होतं त्याच वर्षी, जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला दुसरा शेवट लिहावा लागला, कारण मुलांना टाकून जाणारी नोरा करायला तिथली प्रमुख अभिनेत्री तयार नव्हती. त्या शेवटात नोरा मुलांकडे बघते आणि खचून थांबते. तेव्हाही मूळ शेवट रंगमंचावर चालणार नाही, असंच ठरवलं गेलं. आज तो शेवट इतिहासाच्या तळटीपेत उरला आहे. रंगभूमीची गरज म्हणून जे सांगितलं जातं ते अनेकदा त्या हंगामातल्या प्रेक्षकाविषयीचा व्यवस्थापकांचा अंदाज असतो, आणि तो अंदाज प्रेक्षकाला नेहमी आहे त्यापेक्षा लहान समजतो.

आता हुकमाचं पान. जेम्सने स्वतःच रंगभूमीसाठी आपल्या गोष्टींचे शेवट बदलले होते ना? होय, बदलले होते. ‘डेझी मिलर’ या कथेतली डेझी रोममध्ये तापाने मरते. जेम्सने स्वतः केलेल्या नाट्यरूपात ती जगते आणि तिचं लग्न लागतं. ‘द अमेरिकन’च्या नाट्यरूपातही त्याने प्रेमिकांची गाठ घालून दिली. ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’वर तर त्याचा इतका कमी जीव होता, की 1907 ते 1909 दरम्यान स्वतःच्या निवडक साहित्याची मोठी आवृत्ती काढताना त्याने ही कादंबरी बाहेर ठेवली. मग लेखकच असा उदार असताना आपण का कुरकुरायचं?

कारण लेखकाने केलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही. ‘डेझी मिलर’चं नाटक कुठल्याही थिएटरने घेतलं नाही. ‘द अमेरिकन’ 1891 साली लंडनमध्ये सुमारे 70 प्रयोगांनंतर बंद पडलं. 5 जानेवारी 1895 रोजी ‘गाय डॉमव्हिल’च्या पहिल्याच प्रयोगानंतर जेम्स रंगमंचावर आला आणि लंडनच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. प्रेक्षकाला काय हवं याचा अंदाज बांधून लिहिणारा जेम्स हा त्याच्या कादंबऱ्यांतला जेम्स नव्हताच. त्याचा दाखला द्यायचा, तर तो या पद्धतीविरुद्धच जातो.

शिवाय कॅथरिनचा नकार हा काही जेम्सच्या खिन्न स्वभावाचा लहरी खेळ नव्हता. ही गोष्ट त्याला फॅनी केंबल या जुन्या अभिनेत्रीने सांगितली होती. फेब्रुवारी 1879 मधल्या त्याच्या टिपणवहीत तिची नोंद आहे. केंबलच्याच देखण्या भावाने एका श्रीमंत घरच्या साध्या मुलीला मागणी घातली, बाप पैसा देणार नाही हे कळल्यावर पाय मागे घेतला, वर्षांनी परत आला, आणि तिने नकार दिला. हाडामांसाच्या एका बाईने सापळा न लावता ‘नाही’ म्हटलं होतं. जेम्सने त्या ‘नाही’मागचं मन शोधलं. 1947 साली कुणाला तरी ते पुरेसं वाटलं नाही.

नाटकाच्या बाजूने जे मान्य करायचं ते करतो. बाप मॉरिसबद्दल चुकत नाही, हे कठीण सत्य गेट्झ दांपत्याने सोडलं नाही. पेनिमन आत्याची हौशी, नाटकी लुडबुड त्यांनी नेमकी पकडली. कॅथरिनची भूमिका थोर अभिनेत्रींनी केली, आणि शेवटच्या जिन्यावर त्यांच्यापैकी कित्येकींनी विजयाबरोबर विषादही दाखवला असणार. पण विषाद अभिनयाने भरून काढावा लागतो, याचा अर्थ संहितेत तो पुरेसा नाही. अग्निएश्का हॉलंड या दिग्दर्शिकेने 1997 साली याच कादंबरीवर चित्रपट केला तेव्हा सूडाचा प्रसंग बाजूला ठेवून ती मूळ शेवटाच्या जवळ गेली. तो शेवट दाखवता येत नाही ही सबब त्यानंतर तरी थांबायला हवी होती.

सूडाचा शेवट आपल्याला का आवडतो, हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. मुलीच्या लग्नावर ताबा ठेवणाऱ्या घराला शिक्षा व्हावी असं आपल्याला वाटतं, पण त्यासाठी घराची रीत बदलावी लागू नये. ‘द एअरेस’ ही सोय करून देतं. शिक्षा मॉरिसला होते, घर जसंच्या तसं राहतं, फक्त त्याच्या किल्ल्या बापाकडून मुलीकडे येतात. अशा मुलीला मुक्त म्हणणं प्रेक्षकाला सोपं जातं, कारण तिने जिंकताना आपल्याकडून काहीच मागितलेलं नसतं. जेम्सची कॅथरिन मागते. निरुपद्रवी वाटणारं एक वचन नाकारणं हे बंड असतं, हे ओळखण्याची नजर ती मागते.

म्हणून पुढे कुणी ही कादंबरी मराठीत किंवा कुठल्याही भाषेत रंगमंचावर आणायला निघालं, तर माझी मागणी एकच आहे. ‘द एअरेस’ची संहिता बाजूला ठेवा आणि कादंबरी उघडा. वचनाचा प्रवेश पूर्ण लिहा, बापाला आवाज चढवू देऊ नका, मुलीला कारण सांगू देऊ नका. मॉरिस परत आला की त्याला दारातून सरळ आत येऊ द्या आणि नकार ऐकून आल्या वाटेने परत जाऊ द्या. टाळ्या कदाचित उशिरा पडतील. पण त्या कॅथरिनला मिळतील. आजवर त्या डॉ. स्लोपरच्या वाट्याला जात आल्या आहेत.